भाषाविज्ञान मेजर घ्यावं की मायनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीला प्रवेश घेताना किंवा नंतर मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडविषय) पक्का करताना विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी हा विषय शिकले आणि आता शिकवते. क्रेडिट, अटी आणि मुदती विद्यापीठागणिक बदलतात, तेवढ्या तुमच्या विभागाकडून तपासून घ्या.

१. भाषाविज्ञानात नेमकं शिकवतात तरी काय?

माणूस बोलतो कसा, ऐकलेलं समजतं कसं, लहान मुलाला भाषा कुणी न शिकवता येते कशी, आणि पिढ्यांमागून पिढ्या ती बदलत का जाते, याचा अभ्यास.

वर्णन वाचण्यापेक्षा एक करून पाहा. मोठ्याने म्हणा: 'चार गाई आल्या.' मग म्हणा: 'गाईला चारा चार.' लिहिताना दोन्हीकडे 'चार'. पण आकड्यातल्या 'च'ला जीभ टाळूकडे जाते आणि चारण्यातल्या 'च'ला ती दातांमागे टेकते. लिपीत हा फरक दिसत नाही, तो कुणी तुम्हाला समजावून सांगितलेला नाही, तरी तुम्ही तो पाळता. आता 'माझा' म्हणा आणि लगेच 'माझी' म्हणा. 'झ' बदलला. 'ई' म्हणताना जीभ पुढे टाळूकडे सरकते आणि शेजारच्या व्यंजनालाही तिकडे ओढते. मग 'चार' या आकड्यात पुढे 'आ' असूनही 'च' टाळूकडचा का? हा प्रश्न तुमच्या मनात आपोआप आला असेल, तर विषय तुमच्यासाठी आहे.

२. किती भाषा याव्या लागतात? मला दोनच येतात.

पुरेशा आहेत. एक आली तरी चालते. जगात सुमारे ७००० भाषा आहेत. त्यातल्या दहा अस्खलित बोलणाऱ्याला त्यांची रचना उलगडून सांगता येईलच असं नाही, आणि उत्तम भाषावैज्ञानिकाला परक्या भाषेत रस्ता विचारता येईलच असंही नाही. बऱ्याच ठिकाणी मेजरसाठी एखादी नवी भाषा एक-दोन वर्षं शिकण्याची अट असते. निवड तुमच्या हातात असेल, तर स्वतःच्या भाषेपासून रचनेने दूरची भाषा घ्या.

३. भाषा-साहित्याच्या पदवीपेक्षा हे वेगळं कसं?

साहित्याच्या पदवीत कृती वाचायच्या असतात, त्यांचा अर्थ लावायचा असतो, परंपरा समजून घ्यायची असते. इथे बसथांब्यावरचं संभाषण आणि महाकाव्य दोन्ही सारख्याच मोलाचा पुरावा असतो. कविता प्रिय आहे म्हणून भाषाविज्ञान घेणाऱ्यांची पहिल्या सत्रात निराशा होते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्यांच्यासाठी साहित्य मेजर आणि भाषाविज्ञान मायनर ही जोडी फार सुंदर जमते.

४. माझी भाषा 'शुद्ध' नाही, बोलीचा हेल आहे. वर्गात अडचण येईल का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा हा प्रश्न आहे. अडचण येणार नाही. उलट, वर्गाकडे नसलेली सामग्री तुमच्याकडे आहे.

वऱ्हाडी बोलणारे अनेक जण 'काळा' ऐवजी 'काया' म्हणतात, 'डोळा' ऐवजी 'डोया', 'शाळा' ऐवजी 'शाया'. शाळेत याला चूक म्हणतात. पण चूक कधी इकडे होते, कधी तिकडे. इथे 'ळ'च्या जागी ठरलेला 'य' येतो, म्हणजे हा नियम आहे. संस्कृत 'पितृ' आणि 'पाद' यांतला 'प' इंग्रजी 'फादर' आणि 'फूट' मध्ये 'फ' होऊन बसलेला दिसतो, तो अशाच ठरलेल्या बदलाने. त्या बदलाला पाठ्यपुस्तकात ग्रिमचा नियम म्हणून मानाचं पान मिळालं आणि 'डोया' म्हणणाऱ्या मुलीला वर्गात उभं केलं गेलं. दोन्हीमागची यंत्रणा एकाच जातीची आहे.

प्रमाणभाषा हीसुद्धा एक बोलीच, लेखन, शिक्षण आणि कारभाराच्या सोयीसाठी पुढे आणलेली. ती यायला हवी, परीक्षेचे पेपर तिच्यातच लिहायचे असतात. पण अभ्यासाचा विषय म्हणून ती वरची आणि तुमची खालची, असं इथे कुणी मानत नाही. एखाद्या शिक्षकाने मानलं, तर तो विषयाशी प्रामाणिक नाही.

५. मेजरला कोणकोणते पेपर असतात?

नावं थोडी इकडेतिकडे होतात, गाभा बहुतेक ठिकाणी सारखा. ध्वनिविज्ञान (फोनेटिक्स) म्हणजे आवाज तोंडात कसे तयार होतात आणि हवेत कसे दिसतात. स्वनिमविज्ञान (फोनॉलॉजी) म्हणजे एखादी भाषा त्यातले कोणते फरक अर्थासाठी वापरते. वरचा 'चार' इथला. रूपविज्ञान शब्दाच्या आत पाहतं, अर्थविज्ञान अर्थाकडे. 'खिडकी लावतोस का?' हा प्रश्न असून आपण उठून खिडकी का लावतो, हे प्रॅग्मॅटिक्समध्ये येतं. पुढे ऐतिहासिक भाषाविज्ञान, समाजभाषाविज्ञान, बालकांची भाषा, मेंदू आणि भाषा, संगणकीय भाषाविज्ञान असे पर्यायी पेपर.

वाक्यविन्यासाची (सिंटॅक्स) मुलांना उगीच भीती वाटते, म्हणून त्यातलं एक उदाहरण देते. 'ती चिठ्ठी वाचते', 'ती पत्र वाचते': क्रियापद 'ती'च्या मागे जातं. भूतकाळात या: 'तिने चिठ्ठी वाचली', 'तिने पत्र वाचलं'. आता क्रियापदाने कर्त्याला सोडून कर्माचा हात धरला. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणून पुढे जातो. आणखी जरा थांबा. 'त्याने वाचलं', 'तिने वाचलं', पण 'मी वाचलं', 'तू वाचलंस'. 'मी' आणि 'तू' यांना 'ने' लागतच नाही, तरी क्रियापद कर्माकडेच पाहतं. कर्त्याला अशी वेगळी खूण लावणाऱ्या भाषा जगात विखुरलेल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येकींत 'मी-तू' अशीच सवलत घेतात. हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा मला आपल्या रोजच्या बोलण्याबद्दल जो आदर वाटला तो अजून तसाच आहे.

६. परीक्षेत पाठांतर असतं का? नमुन्याचा प्रश्न दाखवाल का?

संज्ञा पाठ कराव्या लागतात. पण मार्क जातात किंवा मिळतात ते सामग्री, म्हणजे दिलेली भाषेची उदाहरणं, सोडवण्यावर. पहिल्या वर्षाच्या धर्तीवर हा प्रश्न पाहा. स्वाहिली भाषेतली रूपं:

निनासोमा – मी वाचतो आहे
तुनासोमा – आम्ही वाचतो आहोत
अनासोमा – तो वाचतो आहे
निलिसोमा – मी वाचलं
तुतासोमा – आम्ही वाचू

'तो वाचेल' कसं म्हणाल? शेजारच्या ओळींतला फरक पकडत गेलात, की 'सोमा' म्हणजे वाचणं, 'नि-तु-अ' म्हणजे कोण, आणि 'ना-लि-ता' म्हणजे केव्हा, हे सुटं होतं. उत्तर: अतासोमा.

मग परीक्षक आणखी एक ओळ देतात: 'हातुसोमी – आम्ही वाचत नाही.' नकाराचा 'हा' पुढे आला, काळाची खूण गळाली आणि शेवटचा 'आ' 'ई' झाला. तुम्ही आत्ताच मांडलेला नियम दुरुस्त करावा लागतो. चांगल्या पेपरात मार्क या दुरुस्तीला असतात. आणखी एक पाहा: या 'तु'मधून 'आम्ही' की 'आपण' हे कळत नाही. मराठी ऐकणाऱ्याला धरलंय की वगळलंय हे दर वेळी सांगते. हिंदीतलं 'हम' किंवा इंग्रजीतलं 'वी' हे सांगत नाही.

असे प्रश्न आवडतात का हे तपासायचं असेल, तर आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाडचे जुने प्रश्न सोडवून पाहा. शालेय मुलांसाठीची ही स्पर्धा २००३ साली बल्गेरियात सुरू झाली, आणि तिला विषयाचं पूर्वज्ञान लागत नाही.

७. गणित आणि कोडिंग लागतं का? मी कला शाखेची आहे.

पहिल्या वर्षी नाही. पुढे अर्थविज्ञानात संच आणि तर्कशास्त्र येतं, समाजभाषाविज्ञानात आणि प्रयोगांत संख्याशास्त्र. संगणकीय शाखेत पायथन शिकावंच लागतं. हे सगळं वर्गात मुळापासून शिकवतात. उपयोगी पडते ती सवय: एक उदाहरण नियमाविरुद्ध गेलं, तर नियम बदलायची तयारी.

८. ती आयपीए नावाची चिन्हं सगळी पाठ करायची?

आयपीए म्हणजे उच्चार जसेच्या तसे लिहायची आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी. तिची मूळ अक्षरं शंभराहून थोडी अधिक आहेत. ही लिपी ज्या संघटनेने घडवली, ती १८८६ साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांनी स्थापन केली. देवनागरी वाचणाऱ्याला एक मोठा आधार आहे: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. घशाकडून ओठांकडे जाणारी ती रांग म्हणजेच आयपीए तक्त्याचा आडवा अक्ष, उलट दिशेने. अल्पप्राण-महाप्राण, घोष-अघोष हेही तुम्हाला येतं.

अडचण दुसरीकडे होते. लिपी डोळ्यांत इतकी बसलेली असते की आपण लिहिलेलं ऐकतो, बोललेलं नाही. पहिल्या चाचणीत मी 'घर' लिहिताना शेवटच्या 'र'मध्ये 'अ' घातला होता, कारण अक्षर पूर्ण दिसतं. तो उच्चारात नसतो. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून प्राट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाहिला, तेव्हा ते डोळ्यांनी पटलं. रोज दहा शब्द, असं महिनाभर करा. तक्ता पाठ करायची गरज उरत नाही.

९. संस्कृत येत असेल तर फायदा होतो का?

होतो, खूप. पाणिनीने सुमारे ४००० सूत्रांत एक अख्खी भाषा बांधली आणि आज आपण वापरतो त्या नियमांच्या क्रमाची, अपवादांची, शून्य प्रत्ययाची कल्पना तिथे स्पष्ट दिसते. १७८६ साली कलकत्त्यात तिथले ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं. आधुनिक भाषाविज्ञानाचे प्रवर्तक मानले जाणारे फेर्दिनां द सोस्यूर यांचा डॉक्टरेटचा प्रबंधही संस्कृत षष्ठीच्या एका प्रयोगावर होता.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा. 'सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या' ही समजूत घेऊन येणाऱ्यांना पहिल्या वर्षी त्रास होतो. तमिळ, तुर्की, स्वाहिली यांची कुळं वेगळी आहेत आणि हे पुराव्याने दाखवता येतं.

१०. मेजर घ्यावं की मायनर?

स्वतःला विचारा, मला भाषेबद्दल प्रश्न पडतात की दुसऱ्या एखाद्या कामासाठी भाषेचं ज्ञान हवंय? पहिलं असेल तर मेजर. दुसरं असेल तर मायनर पुरेल, आणि कधी कधी तेच जास्त उपयोगी ठरेल. संगणकशास्त्र, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, शिक्षणशास्त्र, परकीय भाषा या सगळ्यांशी ते जुळतं.

निर्णय होत नसेल तर पहिल्या वर्षी परिचयाचा पेपर आणि ध्वनिविज्ञान घ्या. मेजर असो वा मायनर, हे दोन्ही बहुतेक ठिकाणी धरले जातात.

११. मायनरमध्ये मोजके पेपर मिळतात. कोणते घेऊ?

परिचयाचा पेपर, मग ध्वनींचा एक आणि वाक्याचा एक. हे तीन झाल्याशिवाय समाजभाषाविज्ञान किंवा 'भाषा आणि मेंदू' घेऊ नका, नावं कितीही आकर्षक वाटली तरी. पाया नसला की त्या वर्गात मतं ऐकू येतात, विश्लेषण करता येत नाही. उरलेले पेपर मेजरकडे पाहून ठरवा.

१२. दोन विद्यापीठांचे अभ्यासक्रम इतके वेगळे का दिसतात?

कारण विषयात घराणी आहेत. १९५७ नंतर अमेरिकी भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्कींच्या विचाराने काही विभाग घडले. तिथे वाक्यविन्यास केंद्रस्थानी असतो आणि झाडासारख्या आकृत्या भरपूर. काही विभाग अल्पपरिचित भाषांच्या नोंदींवर उभे आहेत, काही प्रयोगशाळेवर, काही परकीय भाषाशिक्षणावर. माहितीपुस्तिकेत सगळ्यांचं नाव 'भाषाविज्ञान' असतं. गेल्या काही वर्षांत कोणते पर्यायी पेपर खरंच शिकवले गेले आणि पूर्णवेळ शिक्षक काय संशोधन करतात, एवढं पाहिलं तरी विभागाचा कल कळतो. पुस्तिकेत छापलेले, पण वर्षानुवर्षं न चालवलेले पेपर असतात. थेट विचारा.

१३. फील्डवर्क करावंच लागतं का?

सगळीकडे नाही, पण संधी मिळाली तर सोडू नका. बोलणाऱ्यासमोर बसून 'हात', 'पाय', 'पाणी' विचारत विचारत एका भाषेचा सांगाडा आपल्या वहीत उभा राहताना पाहणं, यासारखा अनुभव नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी मोठमोठ्या दुकानांत जाऊन चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचा पत्ता विचारला. विक्रेत्यांच्या उत्तरातला 'र' उच्चारला जातो का, एवढंच त्यांना ऐकायचं होतं, आणि दुकान जितकं प्रतिष्ठित तितका 'र' जास्त ऐकू आला. आज मात्र रेकॉर्डिंग करायचं असेल तर परवानगी घ्यावी लागते, हेतू सांगावा लागतो, नाव लपवावं लागतं आणि बऱ्याच विद्यापीठांत नीतिसमितीची मंजुरी आधी लागते. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

१४. नोकरी मिळते का? (हा प्रश्न बहुधा आईवडिलांचा असतो.)

'भाषावैज्ञानिक पाहिजे' अशा जाहिराती कमी असतात, हे आधीच सांगते. आमचे विद्यार्थी भाषा-तंत्रज्ञान, कोशकार्य, भाषाशिक्षण, पाठ्यपुस्तकं, भाषांतर, सॉफ्टवेअरचं स्थानिकीकरण, संपादन अशा कामांत जातात. तंत्रज्ञानातल्या कामाला प्रोग्रॅमिंग जोडावं लागतं.

एक गैरसमज वेळेवर दूर झालेला बरा. वाचा-उपचारतज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, होण्यासाठी त्याची स्वतंत्र व्यावसायिक पदवी लागते आणि अनेक देशांत नोंदणीही. भाषाविज्ञानाची पदवी उत्तम तयारी आहे, परवाना नव्हे. अध्यापन-संशोधनात यायचं तर पीएचडीपर्यंतचा पल्ला आणि मोजक्या जागा, दोन्ही लक्षात ठेवून या.

१५. यंत्रं आता स्वतःच भाषा लिहितात. हा विषय शिकून काय उपयोग?

ती यंत्रं प्रचंड मजकुरावर शिकतात, आणि जगातल्या बहुतेक भाषांत तेवढा लिखित मजकूर नाही. आपलाच एक शब्द घ्या: 'घरासमोरच्यांनासुद्धा'. घर, त्याचं सामान्यरूप, समोर, चा, अनेकवचन, ना, सुद्धा, इतकं सगळं एका शब्दात. तो कुठे तोडायचा, यंत्राने चुकीचा तोडला तर काय बिघडतं, आणि उत्तर नुसतं ओघवतं आहे की बरोबरही आहे, हे सांगायला भाषेची रचना जाणणारं माणूस लागतं.

१६. दुसऱ्या वर्षी मेजर बदलून येता येईल का?

बहुधा येतं, पण साखळी पाहा. ध्वनिविज्ञानाशिवाय स्वनिमविज्ञान मिळत नाही, वाक्यविन्यास एकशिवाय दोन नाही, आणि काही पेपर वर्षातून एकदाच चालतात. एक कडी चुकली की पूर्ण वर्ष लांबतं. अर्ज करण्याआधी उरलेल्या सत्रांचा तक्ता कागदावर मांडून विभागात दाखवा.

१७. एकच पेपर मेजर आणि मायनर दोन्हीकडे मोजता येतो का?

बहुतेक ठिकाणी यावर मर्यादा असते, काही ठिकाणी पूर्ण मनाई. मानसशास्त्र मेजरवाल्यांचा 'भाषा आणि मन' हा पेपर यात नेहमी अडकतो. तोंडी होकारावर विसंबू नका, लेखी घ्या.

१८. माझी पदवी दुसऱ्याच विषयातली आहे. थेट एमए करू शकतो का?

अनेक विभाग कोणत्याही शाखेचे पदवीधर घेतात, काही पूर्वतयारीचे पेपर लावतात. अभियांत्रिकीतून आलेली मुलं ध्वनी आणि वाक्य पटकन पकडतात, वाचन आणि लेखन त्यांना जड जातं. साहित्यातून आलेल्यांचं नेमकं उलट. प्रवेशाआधी प्रश्न ६ मधल्यासारखी पन्नास कोडी सोडवा आणि प्रश्न ८ मधला सराव करा.

१९. मला ऐकू कमी येतं. ध्वनिविज्ञान सक्तीचं आहे. मी हा विषय घेऊ नये का?

जरूर घ्या. ध्वनीचं विश्लेषण मोठ्या प्रमाणात डोळ्यांनी होतं: लहरी, स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचा आलेख), जिभेच्या हालचालींची चित्रं. फक्त ऐकून लिहिण्याच्या चाचणीला पर्याय द्या, अशी विनंती सत्र सुरू होण्याआधी करा.

आणि भाषा म्हणजे आवाजच, असं नाही. अमेरिकी भाषावैज्ञानिक विल्यम स्टोकी यांनी १९६० साली दाखवून दिलं की अमेरिकी खुणांच्या भाषेतली प्रत्येक खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा छोट्या घटकांची बनलेली असते, जसा शब्द ध्वनींचा. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या शेवटी कर्णबधिर मुलं शाळेत एकत्र आली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यात एक नवी खुणांची भाषा आकाराला आली. तिचे पहिले बोलणारे आजही अभ्यासकांना भेटतात. खुणांची भाषा जन्मापासून येणारा विद्यार्थी वर्गात असणं हे विभागाचं भाग्य आहे.

२०. घरात आई एक भाषा बोलते, वडील दुसरी. अर्जात 'मातृभाषा' काय लिहू? आणि उदाहरणं तपासताना माझं मत धरतील का?

अर्जात एकच रकाना असेल, तर ज्या भाषेत तुम्ही लहानपणापासून सगळ्यात जास्त बोललात ती लिहा. वर्गात मात्र दोन्ही सांगा. 'हे वाक्य चालतं, हे चालत नाही' असा कौल देताना तो कोणत्या भाषेच्या, कोणत्या गावच्या आणि कोणत्या वयाच्या बोलण्यावरून दिला, हे नोंदवायचं असतं. एकभाषी मुलांनीही ते नोंदवायला हवं, पण त्यांच्या लक्षात येत नाही. तुमचा कौल आईच्या भाषेत एक आणि वडिलांच्या भाषेत दुसरा पडला, किंवा शेजाऱ्यांच्या कौलापेक्षा वेगळा पडला, तर खोडू नका. तारीख घालून वहीत लिहा आणि पुढच्या तासाला घेऊन या.